मिथ्रास कुणाचा पुरावा नाही

डिसेंबर उजाडला की एक यादी फिरू लागते. रोमन साम्राज्यात मिथ्रास नावाचा देव होता. तो २५ डिसेंबरला कुमारी मातेच्या पोटी जन्मला, त्याला बारा शिष्य होते, तो मेला, तिसऱ्या दिवशी उठला, आणि ख्रिस्ती धर्माने हे सगळे त्याच्याकडून उचलले. यादीखाली लगेच दोन फळ्या पडतात. एक म्हणते, नाताळ ही निव्वळ चोरी. दुसरी म्हणते, मिथ्रासच्या भक्तांनीच ख्रिस्त्यांची नक्कल केली. आपल्याकडे तिसरी फळीही हिरिरीने उतरते: मिथ्रास म्हणजे आपला वैदिक मित्र, म्हणजे युरोपच्या धर्माचे मूळ वेदांत. तिघेही एकमेकांवर तुटून पडतात, पण एका बाबतीत त्यांचे छान जमते. मिथ्रासकडे स्वतंत्रपणे पाहावे असे कुणालाच वाटत नाही. तो फक्त दुसऱ्या कुणाला खोटे पाडायला हवा असतो. माझा आक्षेप यालाच आहे. मिथ्रासची जी उपासना आपल्याला दगडांतून आणि मातीतून दिसते, ती इ.स. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात रोमन साम्राज्यातच आकाराला आली. नाव इराणी, पोशाख पूर्वेकडचा, पण तिला वाढवले ते सैनिकांनी, जकातनाक्यांवरच्या कारकुनांनी, गुलामांनी आणि गुलामीतून सुटलेल्या माणसांनी. तिच्याबद्दल आज पुन्हा कुतूहल जागे झाले आहे याचा मला आनंद आहे. ते कुतूहल भलत्याच भांडणात वाया जाते आहे, याचे तेवढेच वाईट वाटते.

आधी ती यादी. मिथ्रास कुमारी मातेच्या पोटी जन्मला नाही, तो खडकातून जन्मला. हे कुठल्या पोथीच्या कोपऱ्यातले वाक्य नव्हे. खडकातून मांड्यांपर्यंत वर आलेला, एका हातात सुरा आणि दुसऱ्या हातात मशाल घेतलेला नग्न तरुण अनेक ठिकाणी कोरलेला सापडतो, आणि शिलालेखांत त्या जन्मदात्या खडकालाच वेगळे वंदन केलेले आहे. बारा शिष्यही नाहीत. आहेत त्या बारा राशी, वृषभवधाच्या, म्हणजे मिथ्रास बैल मारतो त्या, शिल्पाभोवती मांडलेल्या. आणि मिथ्रास मरत नाही, तो बैल मारतो. त्याच्या पुनरुत्थानाचे एकही चित्र, एकही लेख आजवर हाती आलेला नाही. रोममधल्या सांता प्रिस्का चर्चखालच्या, मिथ्रासच्या गुहामंदिरातली एक ओळ मात्र हमखास पुढे केली जाते: ‘चिरंतन रक्त सांडून तू आम्हाला तारलेस.’ ती ओळ भिंतीवरच्या रंगात इतकी पुसट झालेली आहे की पुढच्या अभ्यासकांनी बारकाईने तपासल्यावर तिच्यातले ‘चिरंतन’सारखे कळीचे शब्द अनिश्चित ठरले. अशा ओळीवर दोन धर्मांचे नाते उभे करणारा माणूस स्वतःच्या घराचा खरेदीदस्त इतक्या पुसट शाईत चालवून घेईल का?

२५ डिसेंबरचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण त्यात थोडे तथ्य मिसळलेले आहे. रोममध्ये इ.स. ३५४ साली तयार झालेल्या एका संग्रहातल्या पंचांगात त्या तारखेपुढे ‘अजिंक्याचा जन्मदिवस’ आणि तीस रथशर्यती अशी नोंद आहे. ‘अजिंक्य’ म्हणजे सूर्यदेव सोल. सम्राट ऑरेलियनने इ.स. २७४ मध्ये रोममध्ये त्याचे भव्य मंदिर बांधले होते. मिथ्रासलाही शिलालेखांत ‘अजिंक्य सूर्यदेव मिथ्रास’ म्हटले आहे, म्हणून दोघांची सांगड घालण्याचा मोह होतो आणि तो मी समजू शकतो. पण ‘अजिंक्य’ ही उपाधी कितीतरी देवांना आणि सम्राटांनाही लावली जात होती. सूर्याचा सण राज्याचा होता, उघड्या मैदानात, हजारो लोकांसमोर. मिथ्रासची उपासना बंद दारामागची होती, तिला सरकारी पंचांगात जागा नव्हती. शिवाय शिल्पांत मिथ्रास आणि सूर्य हे अनेकदा दोन वेगळे देव म्हणून समोरासमोर बसलेले, एकत्र जेवताना दिसतात. मिथ्रासचा जन्मदिवस २५ डिसेंबरला पाळत असल्याचे सांगणारा एकही प्राचीन लेख नाही. गंमत पाहायची तर त्याच ३५४ च्या संग्रहात, वेगळ्या पानावर, ख्रिस्ताचा जन्मही २५ डिसेंबरलाच नोंदलेला आहे. सूर्याचा सण आणि नाताळ यांच्या नात्यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. त्या वादात मिथ्रासला मात्र उगाच ओढले गेले आहे.

आता समोरच्या बाजूचा खरा जोर कुठे आहे ते मान्य करू. मिथ्रासचे विधी आणि ख्रिस्ती विधी यांत साम्य आहे हे आजच्या नास्तिकांनी शोधून काढलेले नाही. ते आद्य ख्रिस्ती पंडितांनाच दिसले होते आणि टोचले होते. इ.स. १५० च्या सुमारास जस्टिनने प्रभुभोजनाचे, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या ख्रिस्ती विधीचे, वर्णन केले आणि लगेच तक्रार केली की दुष्ट शक्तींनी मिथ्रासच्या दीक्षेत याचीच नक्कल केली आहे, तिथेही भाकर आणि पाण्याचा पेला मंत्र म्हणत पुढे ठेवतात. पुढे टर्टुलियनने सांगितले की मिथ्रासच्या सैनिकाला दीक्षेत मुकुट देऊ करतात आणि तो ‘मिथ्रास हाच माझा मुकुट’ म्हणून नाकारतो. ख्रिस्ती सैनिकांनी यातून लाज घ्यावी, असा त्याचा रोख होता. विरोधकच साम्याची कबुली देतो तेव्हा त्याला वजन असतेच. पण ही कबुली कशाची आहे? शेजारी राहणाऱ्या दोन पंथांत एकत्र जेवण आहे, शुद्धी आहे, व्रत आहे, एवढ्याचीच. त्या काळच्या भूमध्य जगात देवाच्या नावाने एकत्र जेवणे कुठे नव्हते? इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकसच्या उकिरड्यांत पपायरसच्या चिठ्ठ्या सापडल्या आहेत: ‘उद्या नवव्या तासाला प्रभू सेरापिसच्या पंगतीला जेवायला या.’ मग सेरापिस हा इजिप्तचा देवही चोर की सेरापिसकडे चोरी? आणि जस्टिनचा उलटा आरोप तरी कुठे टिकतो? रोमन कवी स्टेशियसने पहिल्या शतकाच्या शेवटाला, जस्टिनच्या निदान दोन पिढ्या आधी, गुहेत बैलाची शिंगे पिळणाऱ्या मिथ्रासचा उल्लेख केला आहे. त्या वेळी ख्रिस्ती मंडळी इतकी थोडी आणि इतकी विखुरलेली होती की त्यांच्याकडून छावणीतल्या सैनिकांनी विधी उसने घ्यावेत, हे पटत नाही. दोन्ही पंथ एकाच शतकात, एकाच रस्त्यांवरून, एकाच बंदरांतून पसरले. एका हवेत वाढलेल्यांच्या चेहऱ्यांत साम्य दिसणारच.

वैदिक मित्राचा दावा मला जवळचा वाटतो, म्हणूनच तो जास्त कसून तपासायला हवा. त्याच्या बाजूने जे आहे ते भक्कम आहे. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातले एकोणसाठावे सूक्त एकट्या मित्राचे आहे. अवेस्ता या प्राचीन इराणी धर्मग्रंथातला मिथ्र हा त्याचाच सख्खा भाऊ: करार पाळणारा, हजार कानांचा, दहा हजार डोळ्यांचा. आजच्या तुर्कस्तानातल्या बोगाझक्योय इथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर हित्ती आणि मितन्नी या पश्चिम आशियातल्या जुन्या राज्यांच्या राजांचा इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला तह आहे, आणि त्यात साक्षीला मित्र, वरुण, इंद्र, नासत्य बोलावलेले आहेत. एवढेच नाही. या दाव्याच्या समर्थकांनी क्वचितच पुढे केलेला एक पुरावा शतपथ ब्राह्मणात आहे. देव सोमाला मारायला निघतात आणि मित्रालाही बोलावतात. तो म्हणतो, मी तर सर्वांचा मित्र आहे, मी मारणार नाही. मग त्याला यज्ञातून वगळण्याची धमकी मिळते आणि तो सामील होतो. पशू त्याच्यापासून दूर जातात, ‘मित्र असून अमित्रासारखा वागला’ म्हणत. आणि रोमन शिल्पांत बैलाच्या मानेत सुरा खुपसताना मिथ्रास कितीदा तरी मान वळवून दुसरीकडे पाहतो, जणू नाखुशीने. विसाव्या शतकातल्या विद्वानांनाही या कथेने विचारात पाडले होते. पहिल्यांदा ही कथा वाचताना माझ्याही अंगावर काटा आला.

पण काटा येणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. शतपथातला बळी बैल नाही, सोम आहे, आणि त्याचे मरण म्हणजे वनस्पती कुटून रस काढणे. ब्राह्मणग्रंथ आणि पहिले रोमन गुहामंदिर यांच्यात अर्ध्या सहस्रकाहून मोठी दरी आहे, आणि ती भरून काढायला मधले इराण हवे. तिथेच घोडे अडते. इराणी परंपरेत आदिबैलाला मारतो तो अहरिमन, दुष्टांचा म्होरक्या. मिथ्र बैल मारतो अशी कथा इराणी ग्रंथांत नाही आणि तसे शिल्पही नाही. बेल्जियन पंडित फ्रान्झ क्युमाँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिथ्रासचे सगळे अवशेष दोन खंडांत एकत्र आणले, त्यांच्यासमोरही ही अडचण होती. त्यांनी एक हरवलेली इराणी कथा गृहीत धरून ती ओलांडली. सुमारे सत्तर वर्षे जग त्यांच्याच मागे चालले, त्यामुळे आज कुणी इराणी मूळ गृहीत धरत असेल तर त्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल. १९७१ साली मँचेस्टरमध्ये मिथ्रास-अभ्यासकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिथे हे गृहीतकच उघड्यावर आले: रोमन दगडांचा अर्थ आपण इराणी पोथ्यांतून लावतो आहोत, पण दगड आणि पोथी यांना जोडणारा धागा कुठे आहे? वृषभवधाच्या रचनेचा साचा तर ग्रीक कलेत सापडतो. बैलाच्या पाठीवर गुडघा रोवून त्याचे डोके मागे खेचणारी विजयदेवी नायकी मिथ्रासच्या कितीतरी आधीपासून ग्रीक शिल्पकार घडवत होते.

खंडोबाला आपण शिवाचे रूप मानतो आणि शिवाचे नाते ऋग्वेदातल्या रुद्राशी जोडतो. ते नाते खोटे नाही. पण म्हणून रुद्राची सूक्ते पाठ करून जेजुरीचा भंडारा, तळी उचलणे, वाघ्या-मुरळी आणि बाणाई यांचा उलगडा होईल का? त्यासाठी धनगरांकडे जावे लागेल, कऱ्हेपठारावर जावे लागेल. मिथ्रासचेही तसेच आहे. ज्याला जिवंत मिथ्र पाहायचा आहे त्याला रोमची गरजही नाही. मुंबईतल्या पारशी अग्यारीला दर-ए-मेहेर असेही म्हणतात. पारशी पंचांगात दर महिन्याचा सोळावा दिवस मेहेरचा आणि वर्षातला सातवा महिनाही मेहेरचा. तिथे अखंड परंपरा आहे, प्रार्थना आहे, मोबेद म्हणजे पुरोहित आहेत. बैल मारणारा देव तिथे नाही.

हे सगळे एका जागी पाहायचे तर सीरियात, युफ्रेटिसच्या काठावरच्या ड्युरा-युरोपोसला पाहावे. १९३४ साली तिथे मिथ्रासचे गुहामंदिर सापडले, रंगीत भित्तिचित्रांसकट. त्याच गावात, त्याच पश्चिम तटबंदीच्या आतल्या बाजूला, यहुद्यांचे प्रार्थनास्थळ होते आणि ख्रिस्त्यांचे एक घरगुती चर्चही होते, बाप्तिस्म्याच्या कुंडासह. इ.स. २५६ च्या सुमारास वेढा पडला तेव्हा तट भक्कम करण्यासाठी रोमन फौजेने या इमारतींवर मातीचा भराव घातला आणि म्हणूनच त्या तिघी आपल्यासाठी वाचल्या. वेढा घालणारे कोण होते? सासानी इराणी, म्हणजे खऱ्याखुऱ्या मिथ्राचे उपासक. आत ‘इराणी’ देवाला नवस बोलणारे रोमचे सैनिक आणि बाहेर त्यांच्या जिवावर उठलेले इराणी सैन्य. या तटावर उभ्या असलेल्या सैनिकाला त्याचा मिथ्रास शत्रूच्या घरचा वाटत होता असे मानायला मला एकही कारण दिसत नाही. त्याला तो आपल्या तुकडीचा देव वाटत होता.

मग त्या माणसाला तिथे काय मिळत होते? खरा प्रश्न हा आहे आणि यादीच्या भांडणात तो कुणी विचारत नाही. मिथ्रासची गुहामंदिरे लहान असत. अरुंद मधली वाट, दोन्ही बाजूंना कट्टे, समोर वृषभवध. वीस-चाळीस माणसे कट्ट्यांवर रेलून जेवतील एवढीच जागा. जागा नैसर्गिक गुहेची नसली तर गुहेसारखी केलेली, कारण गुहा म्हणजे विश्वाची प्रतिकृती, असे तिसऱ्या शतकातल्या पॉर्फिरी या तत्त्वज्ञाने लिहून ठेवले आहे. बैलाबरोबर कुत्रा, साप, विंचू आणि कावळा नेहमी असतात, आणि ते आकाशातल्या तारकासमूहांशी जुळतात. १९८९ मध्ये अभ्यासक डेव्हिड उलान्सी यांनी त्यातून संपातचलनाचा, म्हणजे संपातबिंदू ताऱ्यांमधून हळूहळू सरकण्याचा, भव्य सिद्धांत उभारला. तो मला अति ताणलेला वाटतो, पण आकाश त्या गुहेत उतरवलेले होते यात शंका नाही. दीक्षेच्या सात पायऱ्या होत्या, कावळ्यापासून पित्यापर्यंत, आणि प्रत्येक पायरीला एक ग्रह. रोमचे बंदर असलेल्या ऑस्टियाच्या एका गुहामंदिरात जमिनीवर या सातही पायऱ्यांची चिन्हे काळ्या-पांढऱ्या मोझेकमध्ये ओळीने मांडलेली आहेत. दारातून आत येणारा त्यांच्यावरूनच पुढे जाणार. बाहेर जो गुलाम होता तो आत सिंहाच्या पायरीवर असू शकत होता. आजच्या स्लोव्हेनियातल्या प्टुयमध्ये ही उपासना रुजवणाऱ्यांत इलिरियन जकातखात्याचे गुलाम कर्मचारी होते, बदल्या होत राहणारी माणसे. नव्या गावी गेल्यावर ओळखीची खोली, ओळखीचे चित्र, ओळखीची पंगत.

उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीवरच्या, म्हणजे रोमन सीमातटावरच्या, कॅरोबर्ग इथले मंदिर १९४९ च्या कोरड्या उन्हाळ्यात वर आले. तिथल्या तीन वेद्यांवर बटावियन तुकडीच्या तीन सेनाधिकाऱ्यांची नावे आहेत. त्यांतल्या एकीवर मिथ्रास सूर्यासारखा कोरलेला आहे, आणि त्याच्या मस्तकाभोवतीचे किरण दगडातून आरपार कापलेले आहेत. मागच्या पोकळीत दिवा ठेवायचा. अंधाऱ्या खोलीत किरण पेटायचे. राखेत धुपासारख्या जाळलेल्या पाइनच्या शंकूंचे अवशेषही मिळाले. ग्रंथ नाहीत म्हणून या पंथाबद्दल काहीच ठाम सांगता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना मी हा दगड दाखवीन. बेल्जियममधल्या टिनेनला १९९८ मध्ये याहून मोठी गोष्ट सापडली: मंदिराबाहेर खड्ड्यांत पुरलेली एका मेजवानीची उष्टी. शेकडो कोंबड्या, त्यांत बहुतेक कोंबडे. कोकरे, डुकराची पिल्ले, बामसारखे मासे, आणि फोडून टाकलेली भांडी. पिल्लांच्या वयावरून मेजवानी जूनच्या अखेरीची, म्हणजे ऐन उन्हाळ्यातली ठरते. जेवणारे शंभराहून जास्त असावेत, गुहेत मावणार नाहीत इतके. म्हणजे ‘गुप्त पंथ’ ही आपली कल्पनाही थोडी सैल करायला हवी. निदान एकदा तरी गावाला वास जाईल असा स्वयंपाक तिथे झाला होता.

या पंथाचे आजचे काही चाहते त्यात पुरुषांचा वीरसंघ शोधतात. त्यामागची भूक मी हलकी मानत नाही. एकटेपणा खरा आहे. पायरीपायरीने चढत जाण्याची, कुणीतरी आपल्याला ‘तू आमचा’ म्हणण्याची ओढ खरी आहे. पण ते ज्याला बंडखोर योद्ध्यांचा धर्म समजतात तो आज्ञाधारकांचा धर्म होता. इ.स. ३०८ मध्ये डॅन्यूबकाठच्या कार्नुंटमला माजी सम्राट डायोक्लेशियन आणि सम्राट गॅलेरियस व लिसिनियस जमले, तेव्हा त्यांनी मिथ्रासचे मंदिर दुरुस्त करून त्याला आपल्या साम्राज्याचा पाठीराखा म्हटले. आणि स्त्रिया? शेकडो शिलालेखांत दीक्षा घेतलेल्या एकाही स्त्रीचे निःसंशय नाव नाही. पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्यांना याचे उत्तर द्यावे लागेल, कारण पंथ खुंटला त्याचे एक मोठे कारण तिथेच आहे. ख्रिस्ती धर्म एखाद्या रोगाने बालपणीच खुंटला असता तर जग मिथ्रासवादी झाले असते, असे फ्रेंच पंडित अर्नेस्ट रेनाँ यांनी १८८२ मध्ये लिहिले आणि ते वाक्य आजही फिरते. ज्यात बायका नाहीत, मुले जन्मतःच येत नाहीत, ज्याला एकही मध्यवर्ती सूत्र नाही, आणि ज्याच्या मंदिरात चाळीस माणसे मावतात, तो पंथ जग कसा व्यापणार होता?

शेवटी उरते चर्चने हा पंथ चिरडला ही तक्रार. तिच्यातही खरा अंश आहे. रोमचा नगरप्रमुख ग्रॅक्कस याने मिथ्रासची गुहा उद्ध्वस्त केली आणि मग बाप्तिस्मा घेतला, हे ख्रिस्ती पंडित जेरोमने एका पत्रात कौतुकाने लिहिले आहे. काही मंदिरांत मूर्ती फोडल्याच्या खुणाही आहेत. पण बरीच मंदिरे त्याआधीच ओस पडली होती: तुकड्या हलल्या, जकातनाकी बंद झाली, आश्रयदाते अधिकारी ख्रिस्ती सम्राटांच्या नोकरीत शिरले. लंडनचे मिथ्रास मंदिर यात सगळ्यांत बोलके आहे. १९५४ च्या सप्टेंबरमध्ये वॉलब्रुकला, उत्खननाच्या शेवटच्या मानल्या गेलेल्या दिवशी, देवाचे संगमरवरी मस्तक वर आले आणि युद्धाने पडझड झालेल्या शहरात ते पाहायला हजारोंनी रांगा लावल्या. तेच अवशेष २०१७ पासून रस्त्याखाली सात मीटर खोल, जवळपास मूळ जागी, पुन्हा पाहता येतात. त्या मंदिरातल्या मूर्ती चौथ्या शतकात फोडून नव्हे, तर जमिनीखाली जपून पुरलेल्या सापडल्या, आणि वास्तूत नंतर बहुधा मद्याचा देव बॅकस याची उपासना सुरू राहिली. ज्यांना मिथ्रासच्या अंतात दोन धर्मांचे निर्णायक युद्ध पाहायचे आहे, त्यांनी कॅरोबर्गच्या तीन वेद्या जागच्या जागी शाबूत कशा राहिल्या, आणि लंडनच्या गुहेत मिथ्रासनंतर ख्रिस्त न येता बॅकस का आला, याचे उत्तर द्यावे.